उष्णतेचा जमाखर्च : एका जुन्या रेडिएटरची परीक्षा

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रेडिएटरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. हा विषय विज्ञान शाखेचा, आपला संबंध नावे आणि जमा यांच्याशी, असे मीही मानत होतो. परंतु घरी एक प्रसंग असा आला की, उष्णतेचाही जमाखर्च मांडता येतो आणि तो मांडला नाही तर खरोखरीचा तोटा होतो, हे मला पटले. तो हिशेब कसा मांडला, हे विद्यार्थी मित्रांना समजावे आणि चुकले असेल तेथे प्राध्यापकांनी दुरुस्त करावे, यासाठी हा लेख.

प्रसंग काय होता?

आमच्या काकांची संकेश्वरात गावाच्या कडेला पिठाची गिरणी आहे. तिला लागूनच मिरचीचे कांडप यंत्र आहे. एरवी दोन्ही विजेच्या मोटारीवर चालतात. वीज गेली की दहा अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन सुरू करावे लागते. हे इंजिन माझ्या वयाहून जुने आहे.

आपल्या भागात फाल्गुनापासून वैशाखापर्यंत घरोघर वर्षाची चटणी करण्याची गडबड असते. संकेश्वरी मिरची वाळवून, देठ काढून, डबे भरून बायका कांडपाच्या दारात रांगेने बसतात. नेमक्या याच दिवसांत वीज जाते, याच दिवसांत ऊन सर्वांत कडक असते आणि पाण्याची टंचाईही याच दिवसांत असते. इंजिनाला सर्वांत जास्त काम आणि सर्वांत कमी थंडावा, असा हा उलटा हंगाम आहे.

पूर्वी हे इंजिन दोन पिंपांतील पाण्यावर थंड होत असे. गेल्या वर्षी ऐन गर्दीत पिंपातील पाणी उकळायला आले, कोणाचे लक्ष गेले नाही आणि पिस्टन जागीच जाम झाला. दुरुस्तीत हंगामाची बरीचशी कमाई गेली. म्हणून यंदा माघ महिन्यात काकांनी एका भंगारवाल्याकडून जुन्या जीपगाडीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर विकत आणला. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले, ‘साठ घोड्यांची गाडी यानं थंड ठेवली, तुमच्या दहा घोड्यांचं काय घेऊन बसलाय!’

काकांना शंका होतीच. ते मला म्हणाले, ‘‘आरं, तू कालेजात जातोस न्हवं? मग हिशेब करून सांग की, ह्यो पुरंल का न्हाई.’’

‘हिशेब’ हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. पण पुढची सगळी वाट त्याच शब्दाने दाखविली.

तापमान म्हणजे उष्णता नव्हे

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण बोलताना ‘तापमान’ आणि ‘उष्णता’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. या दोहोंतील फरक ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६०च्या दशकात स्पष्ट करून दाखविला. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तो चटकन समजावा असा आहे. तापमान हा ‘भाव’ आहे, पाण्याचे वजन हा ‘माल’ आहे आणि उष्णता ही ‘रक्कम’ आहे. नुसत्या भावावरून रक्कम कळत नाही. किती माल गेला तेही पाहावे लागते.

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. म्हणजे,

उष्णता = पाण्याचे वजन × तापमानातील फरक.

आजच्या पाठ्यपुस्तकांत ज्यूल हे एकक वापरतात. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.१९ किलोज्यूल, आणि तासाला ८६० किलोकॅलरी म्हणजे एक किलोवॅट. मी मात्र किलोकॅलरीच ठेवली आहे, कारण पाण्याच्या बाबतीत तिचा हिशेब तोंडी करता येतो.

इंजिनाचा एका तासाचा ताळेबंद

इंजिन पाण्याला किती उष्णता देते, हे आधी कळले पाहिजे. नाहीतर रेडिएटर पुरेल की नाही हे कशाच्या तुलनेत ठरवणार? येथे काकांची डिझेलची वही उपयोगी पडली. पूर्ण भारावर इंजिन तासाला सुमारे २.४ लिटर, म्हणजे दोन किलो डिझेल खाते. एक किलो डिझेल जळल्यावर सुमारे १०,२०० किलोकॅलरी उष्णता मिळते. त्यावरून ताळेबंद असा होतो :

जमा
डिझेल, २ किलो × १०,२०० : २०,४०० किलोकॅलरी

खर्च
पट्ट्यावर मिळालेले काम, १० अश्वशक्ती × ६३२ : ६,३०० किलोकॅलरी
थंड करणाऱ्या पाण्यात गेलेली : ६,१०० किलोकॅलरी
धुराड्यातून व इंजिनाच्या अंगावरून गेलेली : ८,००० किलोकॅलरी
एकूण : २०,४०० किलोकॅलरी

पाण्याचा हिस्सा शेकडा तीसच्या आसपास असतो असे धरण्याची पद्धत आहे. म्हणून हा आकडा ढोबळ आहे. पण ताळेबंदाने एक गोष्ट स्पष्ट होते. इंजिन जेवढे काम आपल्याला देते, जवळजवळ तेवढीच उष्णता ते पाण्यात टाकते. आपण दहा अश्वशक्ती कामाला लावली तर आणखी जवळजवळ दहा अश्वशक्ती उष्णतेच्या रूपाने कोठेतरी नेऊन टाकावी लागते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले पहिले यशस्वी इंजिन दाखविले, तेव्हा इंधनातील सुमारे चौथाई उष्णतेचे काम झाले आणि त्या काळी तीच मोठी मजल होती. आजही या खर्चाच्या बाजूला कोणाची सुटका नाही.

आता पिंपांकडे पाहू. दोन पिंपांत मिळून ४०० लिटर पाणी. ते ३० अंशांवरून ८० अंशांवर जाण्यास ४०० × ५० = २०,००० किलोकॅलरी लागतात. तासाला ६,१०० या दराने सव्वातीन तासांत पिंपे भरली, म्हणजे उष्णतेने भरली! पिंपाच्या अंगावरून थोडी उष्णता हवेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो. पण वीज दिवसभर आली नाही तर पिंपे पुरणार नाहीत, हे गणितच सांगते. पिंप ही उष्णतेची तिजोरी आहे, ती कधीतरी भरते. रेडिएटर हा पाट आहे. आलेले पुढे सोडतो. टंचाईच्या दिवसांत पाणी बदलत न बसता तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते, हा त्याचा मोठा गुण.

रेडिएटरचा मोजमापाचा आकडा

रेडिएटर या नावात थोडी फसवणूक आहे. त्या नावावरून वाटते की, तो उष्णता किरणांनी बाहेर टाकतो. प्रत्यक्षात बहुतेक सर्व उष्णता त्याच्या जाळीतून वाहणारी हवा घेऊन जाते. म्हणून पाण्याला हवेशी जास्तीत जास्त अंगाने भिडवणे, हेच त्याच्या रचनेचे सूत्र. विल्हेल्म मायबाख याने १९०१च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. आपल्या जीपच्या रेडिएटरमध्ये चपट्या नळ्या आणि त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्या असतात, हेतू तोच.

न्यूटनने १७०१ साली मांडलेला नियम असा की, गरम वस्तू आपली उष्णता सभोवतालच्या हवेला ज्या वेगाने देते, तो वेग दोहोंच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. हवेचा झोत एकसारखा ठेवला तर रेडिएटरलाही हा नियम ढोबळपणे लावता येतो. तेव्हा ‘हा रेडिएटर किती उष्णता टाकतो?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘दर अंश फरकाला तासाला किती टाकतो?’ असे विचारले पाहिजे. व्याजाची रक्कम विचारून भागत नाही, दर विचारावा लागतो, तसेच हे. फरक म्हणजे पाण्याचे सरासरी तापमान वजा आत येणाऱ्या हवेचे तापमान. इंजिनिअर मंडळी याहून बारीक सरासरी काढतात. आपल्या कामाला ही पुरते.

काकांच्या गिरणीची गरज या भाषेत सांगू. चैत्र-वैशाखात दुपारी हवा ३८ अंश धरली आणि पाण्याचे सरासरी तापमान ८२ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही असे ठरविले, तर फरक ४४ अंश राहतो. ६,१०० भागिले ४४ म्हणजे सुमारे १३९. दर अंशाला तासाला १३९ किलोकॅलरी टाकणारा रेडिएटर हवा. ‘साठ घोड्यांची गाडी’ ही झाली बोलणी. १३९ ही झाली अट.

पहिली परीक्षा

साहित्य अगदी साधे होते : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेले दोन तापमापक, पाच लिटरचा डबा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहान पंप आणि एक पंखा जोडला. रेडिएटरमधून परतणारे पाणी एका उघड्या लहान टाकीत पडेल आणि तेथून पंप ते उचलेल, अशी जोडणी केली. त्यामुळे धारेखाली डबा धरून प्रवाह मोजता आला.

गिरणी व कांडप चालू करून अर्ध्या तासाने घेतलेली नोंद अशी : पाच लिटरचा डबा ३० सेकंदांत भरला. पाणी आत जाताना ८२ अंश, बाहेर येताना ७६ अंश. हवा ३१ अंश.

म्हणजे तासाला ६०० लिटर. गरम पाणी थोडे हलके असते; ८० अंशांच्या सुमारास एका लिटरचे वजन ०.९७ किलो भरते. म्हणून वजन ५८२ किलो. त्याला ६ ने गुणले की तासाला सुमारे ३,४९० किलोकॅलरी. पाण्याचे सरासरी तापमान ७९, हवेशी फरक ४८ अंश. दर अंशाला ३,४९० ÷ ४८ = ७३.

पाहिजे होते १३९, मिळाले ७३. निम्म्याच्या जेमतेम वर!

आकडा खरा की खोटा, हे इंजिनही सांगत होतेच. पाण्याचे तापमान स्थिर नव्हते; दर दोन मिनिटांना सुमारे एक अंश चढत होते. बाहेर जाणाऱ्यापेक्षा आत येणारी रक्कम जास्त असली की शिल्लक वाढते. उष्णतेची शिल्लक म्हणजेच चढणारे तापमान. मी वाचून दाखविले तेव्हा काका काही बोलले नाहीत. इंजिन बंद केले आणि बराच वेळ रेडिएटरवर हात ठेवून बसले. विकणारा तो परत घेणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

दोष कोठे होता?

हिशेब जुळत नाही तेव्हा हिशेबनीस सगळी वही फाडून टाकत नाही; कोणत्या पानावर चूक आहे ते शोधतो. येथे दोन पाने होती, एक पाण्याचे आणि एक हवेचे. पाण्याने दिलेली उष्णता हवेनेच घेतली असली पाहिजे, ही दुहेरी नोंद. तेव्हा दुसऱ्या बाजूची तपासणी करता येते.

रेडिएटरच्या पाठीमागे नऊ ठिकाणी तापमापक धरून बाहेर पडणाऱ्या हवेची सरासरी काढली. ती ५६ अंश आली. म्हणजे हवा २५ अंशांनी तापली होती. एक किलो हवेला एक अंशासाठी ०.२४ किलोकॅलरी लागते. ३,४९० ÷ (०.२४ × २५) = ५८२ किलो हवा तासाला. आपले गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असल्यामुळे येथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा विरळ आहे. एका घनमीटरचे वजन सुमारे १.०८ किलो भरते. म्हणून तासाला सुमारे ५४० घनमीटर. रेडिएटरची जाळी ५० सेंटिमीटर × ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.२ चौरस मीटर. भागाकार करता हवेचा वेग सेकंदाला ०.७५ मीटर निघाला. म्हातारा माणूस काठी टेकत चालतो, तेवढाच!

आता विकणाऱ्याच्या बोलण्यातील मेख लक्षात आली. त्याने साठ घोड्यांची गाडी थंड ठेवली हे खोटे नसेल. पण ती गाडी रस्त्यावर धावत होती. तिला समोरचा वारा मिळत होता आणि रेडिएटरला नेमका बसणारा स्वतःचा पंखा होता. आमचा रेडिएटर भिंतीशेजारी उभा होता. पंखा आणि जाळी यांच्यात वीतभर मोकळी जागा होती, आणि पंखा जाळीतली हवा ओढण्याऐवजी कडेची हवा ओढत होता. गाडीचा रेडिएटर आणला, पण गाडीचा वारा कोणी आणला नव्हता.

पाण्याच्या बाजूलाही दोष होता, पण दुय्यम. पाणी ८२ वरून ७६ पर्यंतच उतरत होते, हवा मात्र ३१ वरून ५६ पर्यंत चढत होती. थोडकी हवा आपल्या कुवतीप्रमाणे ओझे घेऊन जात होती. ओझे न्यायला हमालच कमी होते.

दुसरी परीक्षा

रेडिएटर दुरुस्त करणारे मिस्त्री कन्नड बोलणारे होते. मी त्यांना माझे आकडे दाखवू लागलो, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘मोदल स्वच्छ माडोणु, आम्याल नोडोणु.’’ आधी साफ करू, मग बघू! त्यांनी वरची व खालची टाकी डाख सोडवून काढली. चार नळ्यांत एक नळी क्षाराने बंद झालेली निघाली. तांब्याच्या मानाने हा क्षार उष्णता दीडशे ते दोनशे पटींनी कमी वाहून नेतो. आणि नळी अगदीच बंद झाली की तेथे पाणीच जात नाही. सळई घालून नळ्या मोकळ्या केल्या. गळक्या तीन नळ्या कायमच्या बंद केल्या. पत्र्यांतील चिखल आणि काडीकचरा हवेच्या उलट दिशेने, हलक्या धारेने धुऊन काढला. वाकलेल्या पत्र्या फणीने सरळ केल्या. घरी आल्यावर तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून पंख्याभोवती नरसाळ्यासारखा आडोसा केला, म्हणजे जी हवा ओढली जाईल ती जाळीतूनच यावी.

दुसरी नोंद अशी : पाच लिटरचा डबा १७ सेकंदांत भरला. पाणी आत ७४, बाहेर ६९, हवा ३२ अंश. वीस मिनिटे हे आकडे हलले नाहीत.

येथे मी फसलो होतो, ते सांगितलेच पाहिजे. पूर्वी पाणी सहा अंशांनी उतरत होते, आता पाचच अंशांनी! माझा चेहरा पडला. वाटले, दुरुस्ती वाया गेली. पण मी भाव पाहत होतो, माल पाहत नव्हतो. प्रवाह आता तासाला १,०५९ लिटर, म्हणजे सुमारे १,०३२ किलो झाला होता. ५ ने गुणता ५,१६० किलोकॅलरी. फरक कमी झाला, पण उष्णता जवळजवळ दीडपट झाली. नफ्याचे प्रमाण थोडे उतरले आणि उलाढाल वाढली, तर एकूण नफा वाढू शकतो, हे आम्ही वर्गात शिकतो. येथे ते टाकीच्या काठावर शिकलो.

सरासरी पाणी ७१.५, फरक ३९.५. दर अंशाला ५,१६० ÷ ३९.५ = १३१. ७३ होते, १३१ झाले. मागील बाजूची हवा आता ५२ अंश, म्हणजे २० अंशांनी तापलेली. त्यावरून हवेचा वेग सेकंदाला १.३८ मीटर निघाला. म्हातारा आता तरुण माणसाच्या झपझप चालीने चालू लागला होता! हवा १.८ पट झाली आणि क्षमताही १.८ पट झाली. साफसफाई आणि आडोसा एकदमच केल्यामुळे कोणाचे श्रेय किती हे वेगळे काढता येत नाही; पण जोर हवेच्या बाजूला होता, हे या जोडीवरून दिसते.

तापमापकावर विश्वास किती ठेवावा?

पाच अंशांचा फरक मोजताना एका तापमापकाने अर्धा अंश जास्त आणि दुसऱ्याने अर्धा अंश कमी दाखविले, तर फरकात एक अंशाची, म्हणजे शेकडा वीसची चूक होते. हवेच्या व पाण्याच्या तापमानांतील चाळीस अंशांच्या फरकात तीच चूक किरकोळ असते. पण लहान फरकात ती सगळा हिशेब बिघडविते. यासाठी दोन उपाय केले. प्रथम दोन्ही तापमापक एकाच गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून त्यांच्यातील फरक लिहून ठेवला. नंतर दर खेपेस त्यांची अदलाबदल करून दोन्ही वाचनांची सरासरी घेतली. एवढे करूनही शेकडा दहा इकडे-तिकडे होणार, असे मी धरले.

याला कन्नडमध्ये ‘लेक्कपरिशोधने’ म्हणतात, मराठीत लेखापरीक्षण. दोन्हींचा अर्थ एकच : आपल्याच आकड्यावर आपण आधी संशय घ्यायचा.

निर्णय

आता अंदाज. हवा ३८ अंश, पूर्ण भार ६,१०० किलोकॅलरी. ६,१०० ÷ १३१ = सुमारे ४७ अंश फरक. पाण्याची सरासरी ८५ अंश, आणि इंजिनातून बाहेर पडणारे पाणी सुमारे ८८ अंश. आपल्या गावच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. म्हणजे दहा अंशांची सवड.

पण हिशेबशास्त्राचा एक जुना संकेत आहे : होणारा नफा आधी धरू नये, होऊ शकणारा तोटा मात्र आधीच धरावा. माझा आकडा शेकडा दहाने फुगलेला असेल तर क्षमता ११८ राहते, फरक ५२ अंश होतो, आणि इंजिनातून बाहेर पडणारे पाणी ९३ अंशांवर जाते. उकळण्याला पाचच अंश बाकी. गेल्या वर्षीचा जाम झालेला पिस्टन आठवता, ही सवड मला पुरेशी वाटली नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी हवा ३७ अंश असताना, काकांना जवळ उभे करून, दोन्ही यंत्रे पूर्ण भाराने मुद्दाम अर्धा तास चालविली. माझ्या गणिताप्रमाणे पाणी ८६ ते ८७ अंशांवर थांबायला हवे होते. ते ८८ वर थांबले. एका अंशाची चूक मला मान्य आहे. ते थांबले, याचा आनंद जास्त.

त्यावरून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. इंजिनातून निघणाऱ्या पाण्याच्या नळीवर एक तापमापक कायमचा बसवायचा. काटा ८५ च्या पुढे गेला की कांडप थांबवून फक्त चक्की चालवायची. आणि एक पिंप भरून तसेच ठेवायचे; रोखीचा व्यवहार चालू असला तरी गल्ल्यात थोडी शिल्लक ठेवतात, तसे. हे नियम मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून गिरणीच्या भिंतीवर लावले आहेत, कारण इंजिनाजवळ काम करणारे दोघे दोन भाषांचे आहेत. यंदाचा हंगाम इंजिन न थांबता पार पडला.

जुना रेडिएटर वापरू इच्छिणाऱ्यांसाठी दोन सूचना. गरम असताना त्याचे झाकण उघडू नये. आतील दाबाचे पाणी अंगावर उसळते. आणि त्याच्या डाखात शिसे असते, म्हणून त्यातून उसाचा रस, काकवी किंवा पिण्याचे पाणी कधीही नेऊ नये.

समारोप

इंजिनाचे वेड आपल्या जिल्ह्याला नवे नाही. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली, आणि त्यांच्याच घराण्याने १९४६ साली पुण्यात तेल-इंजिनांचा कारखाना काढला. अशी इंजिने या भागात शेतोशेती आणि गिरण्यांत पोचली. ती चालविणारे पुष्कळ आहेत, दुरुस्त करणारेही आहेत. पण त्यांच्याजवळ तापमापक आणि वही घेऊन बसणारे थोडे आहेत.

जुन्या वस्तूची पुस्तकी किंमत घसारा वजा करून काढता येते. पण ती वस्तू आज काय करू शकते, हे घसाऱ्याच्या रकान्यात लिहिलेले नसते. विकणाऱ्याच्या तोंडीही नसते. ते मोजावे लागते. पाच लिटरचा डबा, दोन तापमापक आणि एक घड्याळ यांनी ते मोजता येते. पहिल्या परीक्षेनंतर तो रेडिएटर आम्ही फेकून दिला असता, तर पैसे गेले असते. परीक्षा न घेता तसाच जोडला असता, तर इंजिन गेले असते. मोजल्यामुळे दोन्ही राहिले.

परवा काका म्हणाले, ‘‘फुडच्या माघात परत मोजायचं हं.’’ क्षार पुन्हा साचणार, पत्र्यांत धूळ पुन्हा बसणार. १३१ चा आकडा कायमचा नाही. म्हणून गिरणीच्या खतावणीत आता एक पान रेडिएटरच्या नावाने उघडले आहे. त्यावर सध्या दोनच नोंदी आहेत.